एकशे पन्नास अंशांचा आवाज

लवंगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच सुखात होतं. घरीदारी सगळे तिला लवंगीच म्हणत, आणि का म्हणत हे तिच्याशी दोन मिनिटं बोललेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नसे. वय वर्षं चौदा, चण चिमुकली, पण तोंड उघडलं की समोरच्याला ठसका. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याचं तिला स्वतःला फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते लोकांना, आणि ते तिला ऐकवल्याशिवाय लोकांना चैन पडत नसे.

तिच्या शाळेत एक पद्धत होती. नववीत गेलं की सगळ्यांना विज्ञान, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना त्याऐवजी गायन. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. दिसत नाही म्हणजे गाता येत असणारच, असं कुणा शहाण्याला वाटलं असेल. आता लवंगीचा गळा कसा होता म्हणून सांगू? तेल न घातलेली बिजागरी बरी. तिने सूर लावला की गायनाचे सर उठून खिडक्या लावून घ्यायचे.

आणि तिला हवं होतं विज्ञान. तहान लागल्यासारखं हवं होतं. दूध उतू जातं मग पाणी का जात नाही? कच्चा कांदा रडवतो आणि तोच शिजवला की गोड कसा होतो? लिंबू पिळलं की दूध फाटतं, म्हणजे नक्की कुठे फाटतं? उत्तरं देणारा थकायचा, ही थकायची नाही. गायन घ्यावं लागलं तर हे सगळे प्रश्न जन्मभर पोटातच राहतील, या विचाराने तिला रात्रीचं जेवण जाईना.

शेवटी आठवी संपायला महिना उरला असताना ती विज्ञानाच्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

“प्रयोगशाळा म्हणजे खेळ नाही गं,” बाई म्हणाल्या. बाईंचा आवाज खडूसारखा कोरडा होता. “तिथे आग असते, काच असते, ॲसिड असतं.”

“आग घरी पण असते, बाई.”

“आणि थर्मामीटर? तो कसा वाचणार तू?”

“कानाने,” लवंगी म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं, आपण काय बोलून बसलो ते. बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं, हिने लगेच भांडण काढलं असतं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“तू रोज संध्याकाळी त्या गोळ्यांच्या कारखान्यात असतेस ना? दप्तरालासुद्धा साखरेचा वास येतो तुझ्या. मग ऐक. महिन्याने ये. साखर आणि पाणी, तिसरी वस्तू नाही. पाक उकळताना एकशे पंधरा अंश कधी झाले, एकशे पंचवीस कधी आणि एकशे पन्नास कधी, हे तू सांगायचं. थर्मामीटर माझ्या हातात राहील. तिन्ही बरोबर आली तर तुझा अर्ज मी स्वतः भरीन. नाही आली तर गायन, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?”

“कबूल,” लवंगी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

कारखान्यात पाक करायची ती तिची आत्या. कारखाना आपलं म्हणायचं. तीन कढया, एक लांब दगडी फरशी, मागे साखरेच्या पोत्यांची थप्पी आणि कामाला पाच बाया. आईबाबा कामावरून येईपर्यंत लवंगी तिथेच असे. पोत्यांवर आडवं पडलं की अंगाखाली साखर कुसकुसायची. वाफ येऊन गालांवर बसायची, ओठ चाटले की गोड लागायचे. तिन्ही कढयांचा आवाज हळूहळू एकमेकांत मिसळायचा आणि झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या मऊ जागेत लवंगी तरंगत राहायची.

तिथे तिला नेहमी एकच स्वप्न पडे. आपण साखरेचा एक दाणा आहोत. कुणीतरी आपल्याला कोमट पाण्यात सोडलं आहे. आधी कोपरे गेले, मग कडा गेल्या, मग आपण सगळीकडे पसरत चाललो. कुणी म्हणेल, संपली बिचारी. पण चाखून बघा, आहेच की! त्या स्वप्नात तिला कधी भीती वाटली नाही. उलट जागं झाल्यावर पुन्हा स्वतःच्या हातापायांएवढंच व्हावं लागतं याचा राग यायचा.

त्या दिवशी तिने बाईंची अट सांगितली तेव्हा आत्याचा झारा हातातच थांबला.

“कानाने? कानाने वाचीन म्हणालीस? अगं, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!” आत्याचा आवाज मोठा होता, कढईवर उभं राहून झालेला. मग तिने झारा पाण्याच्या पातेल्यात बुडवला. “पण खोटं नाही म्हणालीस गं. मी तरी कुठे थर्मामीटर बघते? तो बघ तिकडे भिंतीला टांगलाय. मालक आले की पुसून ठेवायला.”

“मग तू कशावर ओळखतेस?”

“ओळखते म्हणजे... ओळखते! आता तुला काय सांगू? पाक बोलतो.”

“काय बोलतो?”

“डोकं खाऊ नकोस. इकडे ये आणि ऐक.”

अशी शिकवणी सुरू झाली. आत्या चौथी शिकलेली, त्यामुळे तिला शिकवण्याची कुठलीच रीत ठाऊक नव्हती आणि तेच बरं झालं. तिने लवंगीला कढईपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसवलं, पुढ्यात गार पाण्याची वाटी दिली. भिंतीवरचा थर्मामीटर काढला, आणि आत्या अंश मोठ्याने म्हणू लागली. सुरुवातीला पाक पाण्यासारखाच बडबडा असतो, सगळे बुडबुडे एकदम बोलतात. एकशे पाचच्या पुढे त्यांच्यात वडीलधारं कुणी आल्यासारखं होतं. एकशे पंधराला बुडबुडे सुटे सुटे फुटतात, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून चिमटीत धरला की त्याची मऊ गोळी होते. एकशे पंचवीसला गोळी दाबली तरी हट्ट धरते. आणि एकशे पन्नासला आवाज इतका बारीक होतो की तो ऐकायला आपणही श्वास धरावा लागतो. तेव्हा थेंब पाण्यात पडताना तडतडतो आणि बोटांत घेऊन मोडला की कट्कन तुटतो. बाया त्याला काच झाली म्हणत. वासही बदलत जाई. आधी काहीच नाही, मग उन्हात वाळलेल्या कापडाचा, आणि अगदी शेवटी भाजल्याचा, तोही नाकाच्या टोकाला जेमतेम.

“पण पाणी शंभराच्या वर जात नाही, मग पाक कसा जातो?” लवंगीने विचारलं.

“ते तुझ्या पुस्तकाला विचार. माझं काम पाक करायचं.”

मग लवंगीने ब्रेलमधलं पुस्तक मांडीवर घेतलं आणि बोटाने वाचून दाखवायला लागली. पाण्याची वाफ होऊन जाते, साखर मागे राहते, द्रावण दाट होत जातं, आणि जितकं दाट तितका त्याचा उकळायचा अंश वर. आत्या ऐकत राहिली. पंचवीस वर्षं ती हे हातांनी करत आली होती आणि आज कुणीतरी तिला त्याचं नाव सांगत होतं. चंचुपात्र या शब्दावर तर ती पोट धरून हसली. “चोचीचं पातेलं म्हण की सरळ!” पण रात्री घरी जाताना स्वतःशीच पुटपुटत होती, चंचुपात्र, चंचुपात्र.

संपृक्त हा शब्द मात्र तिने उराशीच धरला. ज्यात आणखी साखर विरघळणार नाही इतकं भरलेलं, ते संपृक्त. दुसऱ्याच दिवशी एक बाई सासूची गाऱ्हाणी घेऊन आली तेव्हा आत्याने हात वर केला. “थांब बाई. माझं डोकं संपृक्त झालंय. आता तुझा एक शब्द विरघळायचा नाही.”

कारखान्यात एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्या बाईला आत्या घरी पाठवायची. पाकात गेलेला चमचा, झारा, काहीही असो, तो ओट्यावर ठेवायचा नाही. पाण्याच्या पातेल्यातच बुडवायचा.

“का?” लवंगी.

“ओट्यावर साखर सांडलेली असते. चमच्याला एक कोरडा दाणा चिकटून आत गेला ना, की तो बाकीच्यांना हाका मारतो. या रे, या रे! बघता बघता सगळ्या पाकाची वाळू. पाकाने दाणा धरला म्हणतात. लिंबू पिळलेलं असलं तर पाक जरा सोसतो तरी. तुझ्या बाईंनी लिंबू घालू दिलेलं नाही, तेव्हा जिवाला जप.”

लवंगीने ते जपून ठेवलं. आणखीही एक गोष्ट तिने विचारून घेतली, पुस्तकातली. पारदर्शक म्हणजे काय? पाठ तिला होतं, ज्यातून प्रकाश आरपार जातो ते. पण पाठ असून काय उपयोग? आत्याने बराच विचार केला. मग एका हातात साखर दिली आणि दुसऱ्या हातात काच झालेल्या पाकाचा तुकडा. “दोन्ही साखरच आहे. पण या साखरेच्या ढिगाआड मी चावी लपवली तर कुणाला दिसायची नाही. या तुकड्याच्या आड काही लपत नाही.” लवंगीने तुकड्यावरून अंगठा फिरवला. गार आणि गुळगुळीत होता, कुठेच अडत नव्हता.

महिना संपला. परीक्षेच्या दिवशी आत्याने सुट्टी घेतली. बाईंनी तिला दाराशी बसू दिलं, पण एका अटीवर. “तुमच्या तोंडून एक अक्षर निघालं तर प्रयोग रद्द.” आत्याने मान हलवली असावी, कारण खुर्ची करकरली.

प्रयोगशाळेला जुन्या लाकडाचा आणि गॅसचा वास होता. बाईंनी बरणीतून साखर मोजून दिली, लवंगीने पाणी घातलं, साखर विरघळेपर्यंत ढवळलं आणि मग चमचा पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवला. ओल्या फडक्याने चंचुपात्राचा काठ आतून पुसून घेतला.

“हे कशाला?”

“काठाला दाणा राहू नये म्हणून.”

बाईंनी हं केलं. ज्योत फुरफुरत होती. लवंगीने पापण्या मिटल्या. मिटल्याने काही फरक पडत नव्हता, पण तिला तसं बरं वाटायचं. बुडबुडे बडबडले, मग वडीलधारं कुणी आलं, मग सुटे सुटे फुटायला लागले. तिने थेंब पाण्यात सोडला, चिमटीत धरला.

“एकशे पंधरा.”

बाईंनी थर्मामीटर बुडवला. “एकशे चौदा. चालेल.”

लवंगीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात तिला टेबलावर काच टेकल्याचा आवाज आला. टिक्. बाईंनी थर्मामीटर खाली ठेवला होता. लवंगीच्या कपाळावर आठी पडली. एरवी कारखान्यातल्या कुठल्याही बाईला तिने तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं. पण या बाई होत्या, शिकलेल्या, आणि खोली त्यांची होती. त्यांना आपण काय सांगायचं? जन्मात पहिल्यांदा लवंगी मूग गिळून गप्प बसली, आणि तिथेच घात झाला.

“एकशे पंचवीस,” ती थोड्या वेळाने म्हणाली.

थर्मामीटर पुन्हा आत गेला. “बरोबर. एकशे पंचवीस.” बाईंच्या आवाजात आता खडू जरा ओला झाला होता.

पण पाकाचा आवाज बदलला. बारीक व्हायचा तो जडावला. बुडबुड्यांमधून काहीतरी कुजबुजत वर यायला लागलं, या रे, या रे. लवंगीने थेंब पाण्यात सोडला. चिमटीत गोळी आलीच नाही. वाळू आली.

दाराशी खुर्ची करकरली.

“सगळं पांढरं झालं गं,” बाई हळू म्हणाल्या. “घट्ट झालं. बिघडलं.” त्यांनी गॅस बंद केला.

म्हणजे आता गायनच. गायनाची खोली, लावून घेतलेल्या खिडक्या, आणि पोटातले ते सगळे प्रश्न, ते आता तिथेच सडणार. तरी तिचा हात टेबलावरून पुढे सरकला, जिथे तो टिक् आवाज झाला होता तिथे गेला. बोटांना खरखर लागली. तिने चिमटीत धरून चोळून पाहिलं.

“बाई, थर्मामीटर तुम्ही इथे ठेवला होता ना?”

“हो.”

“इथे साखर सांडली आहे.”

बाईंना दोन डोळे होते आणि वर चष्मा. त्या वाकल्या, त्यांचा श्वास टेबलाजवळ आला. मग त्यांच्याही बोटाखाली खरखर वाजली.

“पाक संपृक्ताच्याही पुढे गेलेला होता,” लवंगी म्हणाली. शब्द एकामागून एक येत होते, अर्धे पुस्तकातले, अर्धे कढईवरचे. “त्याला फक्त निमित्त हवं असतं. एक कोरडा दाणा गेला की सगळी साखर त्याला धरून बसते. स्फटिक होतात. आमच्याकडे म्हणतात पाकाने दाणा धरला. तुम्ही थर्मामीटर खाली ठेवलात ते मी ऐकलं होतं, बाई. मला कळलं होतं. मी बोलले नाही. ती चूक माझी.”

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “आणि निरीक्षणात तसंच लिहायचं, माझं नाव घालून.” मग त्यांनी विचारलं, आणि त्या खरंच विचारत होत्या, “आता काय करतात? टाकून देतात?”

दाराशी आत्याला जोरात खोकला आला. खोकला म्हणजे अक्षर नव्हे, म्हणून प्रयोग रद्द झाला नाही.

“टाकतात कशाला?” लवंगी म्हणाली. “पाणी घालायचं. पुन्हा विरघळतो.”

तिने पाणी घातलं. बाईंनी टेबल ओल्या फडक्याने पुसलं, दोनदा पुसलं, आणि थर्मामीटर ग्लासात उभा केला. वाळूची साखर झाली, साखरेचं पाणी झालं, काठ पुसून झाला आणि बुडबुडे पुन्हा बडबडायला लागले, जसं काही घडलंच नव्हतं.

“एकशे पंधरा.”

“एकशे पंधरा.”

“एकशे पंचवीस.”

“एकशे सव्वीस. चालेल.” थर्मामीटर ग्लासात परत गेल्याचं लवंगीने ऐकलं.

मग ती वाट बघत राहिली. आवाज बारीक होत गेला. बाहेर पटांगणावर कुणीतरी चेंडू आपटत होतं, तो आवाज लांब गेला. गॅसची फुरफुर लांब गेली. कारखान्यातल्या पोत्यांवर असायची ती मऊ जागा इथे, या परक्या खोलीत तिच्याभोवती आली. कोपरे गेले, कडा गेल्या. पाक होता आणि ती होती, आणि दोघांत कुठे रेघ होती ते सांगता आलं नसतं. वाळलेल्या कापडाचा वास आला. पाक आता कानाशी येऊन बोलत होता. नाकाच्या टोकाला भाजल्याचा पहिला वास लागला न लागला.

“आता,” ती म्हणाली. “एकशे पन्नास. थर्मामीटर घ्या, बाई.”

पाण्याचा आवाज झाला नाही. काचेचा झाला नाही.

“राहू दे तो ग्लासात,” बाई म्हणाल्या. “थेंब सोड.”

थेंब पाण्यात पडताना तडतडला. बाईंनी तो स्वतः उचलला आणि मोडला. कट्.

बाईंनी चिमट्याने चंचुपात्र उचलून टेबलावर तेल लावून ठेवलेल्या छोट्या दगडी फरशीवर पाक ओतला. तो गार व्हायला थोडा वेळ लागला. मग बाईंनी तो पत्र्यासारखा पातळ तुकडा उचलला, आणि कागद सरकवल्याचा आवाज आला.

“तुझा अर्ज आहे हा, ऑफिसने आधीच भरून ठेवलेला. त्याच्यावर ठेवलाय तुकडा,” बाई म्हणाल्या. “इयत्ता नववी. विषय, गायन. अक्षर न् अक्षर वाचता येतंय यातून.”

मग तुकडा उचलला गेला आणि पेन चाललं. लवंगीने कान देऊन ऐकलं. एक लांब रेघ, आधीचा शब्द खोडला. मग एक जोडाक्षराचा शब्द, सावकाश लिहिलेला. विज्ञान. दाराशी आत्याने नाक शिंकरलं.

“आता बोलू का मी?” आत्याने विचारलं. “महिनाभर जीव मुठीत धरलाय, बाई! तुम्ही तो थर्मामीटर साखरेत ठेवलात तेव्हा वाटलं, अट गेली खड्ड्यात, ओरडावं. पण ओरडले असते तर पोरीचं गेलं असतं. आता डोकं अगदी संपृक्त झालंय माझं.”

बाई हसल्या. पहिल्यांदाच. लवंगीला मात्र राहवेना. तिने फरशी चाचपली, काठावरचा एक बारका तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

“ए! थुंक आधी तो!” बाई कडाडल्या, खडू पुन्हा कोरडा ठणठणीत. “प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही. पहिल्या दिवशी पहिला नियम हाच सांगते मी माझ्या सगळ्या मुलांना. पुन्हा दिसलीस तर बाहेर उभी करीन.”

लवंगीने तुकडा काढून तळहातावर घेतला. आजवर या खोलीचा एकही नियम कुणी तिला सांगितला नव्हता.

“हो, बाई,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.